बंद करू नये

"एकाच जागी टोचायचं शेठ, आणि हादरा कुठवर जातो ते बघायचं." असं म्हणत सर माझ्या काउंटरवर बोट रोवायचे. या एका वाक्यापायी त्या माणसाने उमेदीची वर्षं घातली.

सर नाशिकच्या एका कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवायचे. माझं कॉम्प्युटर जोडून विकायचं दुकान. सारखे मेमरी वाढवायला यायचे आणि पहिल्याच भावाला हो म्हणायचे. असलं गिऱ्हाईक मला सहन होत नाही.

"सर, जरा घासाघीस तरी करा!"

"ती मी दिवसभर करतोच की."

मग त्यांनी समजावलं. माझे वडील द्राक्षवाले, म्हणून उदाहरण मांडवाचं. तारांच्या जाळीत एका गाठीला झटका दिला की थरथर पसरत जाते. तसंच अणूंचं सपाट जाळं. प्रत्येक गाठीवर आकड्यांचा छोटा तक्ता, शेजारच्या तक्त्यांना जोडलेला. सगळे आकडे धरून ठेवायला जगातली मेमरी पुरणार नाही. म्हणून ठळक ठेवायचे, बारीक सोडायचे. "किती सोडलं तरी उत्तर खरं राहतं, एवढीच माझी पीएचडी." हे मात्र मला लगेच कळलं.

प्रबंध द्यायची मुदत दिवाळीपर्यंत होती. शेवटचं गणित कॉलेजात, मी जोडलेल्या मशीनवर, कित्येक आठवडे चालू होतं. लोडशेडिंगसाठी मोठी बॅटरीही मीच बसवलेली. मधले आकडे डिस्कवर उतरवले की वेग मंदावतो, म्हणून सरांनी ते टाळलेलं; मशीन बंद पडलं की सगळं पुन्हा पहिल्यापासून. मॉनिटरवर कागद चिकटवला होता: 'बंद करू नये'.

खंडेनवमीला आपल्याकडे यंत्रं बंद करून पुजतात, तुम्हाला माहीतच आहे. विभागप्रमुखांनी तेच केलं. मी पूजेला पोचलो तर कीबोर्डवर झेंडूची माळ, आणि त्या कागदावरच कुंकवाचं स्वस्तिक!

"अहो, वाचता येतं ना तुम्हाला?" मी ओरडलो.

"यंत्रालाही एक दिवस विश्रांती हवी," म्हणत प्रमुखांनी माझ्या हातावर पेढा ठेवला. मी तो टेबलावर आपटला.

सर काळ्या पडद्याकडे बघत होते. "जाऊ द्या शेठ. त्यांना काय माहीत."

"जाऊ द्या काय? प्राचार्यांकडे चला, मुदतवाढ मागा! मी येतो साक्षीला."

सर जागचे हलले नाहीत.

दुसऱ्या दिवशी दसरा. पुन्हा समजवायला मी त्यांच्या घरी गेलो, तर प्रमुख सोनं द्यायला आलेले. सरांनी आपट्याचं पान घेतलं आणि वाकून त्यांच्या पायांना हात लावला. माझ्यादेखत!

पीएचडी गेली. दिवाळीनंतर सर नोकरी सोडून गेले; कुठे, ते कॉलेजात कुणालाच ठाऊक नाही. प्रमुखांशी मी तेव्हाच पोटभर भांडून घेतलं. सरांशी भांडायचं राहिलंय.