अप्पांनी स्वतःची नाव बुडवली

गेल्या सोमवारी भीमेच्या काठावर आमच्या अप्पांनी स्वतः बांधलेली नवी नाव अख्ख्या गावासमोर बुडवली... हो, मुद्दाम!

आधी जागेचं सांगते. अफजलपूरजवळच्या आमच्या गावात नदीच्या उतारावर आमच्या घराची नावा बांधायची गोदी होती. आजोबांच्या काळी दोन्ही काठांवरच्या नावा पावसाळ्याआधी डागडुजीला तिथेच यायच्या. मग पूल झाला, नावा गेल्या आणि गोदीत काटेरी झुडपं माजली.

यंदा पंचायतीने तिथे पार्किंग करायचं ठरवलं. अप्पा, म्हणजे माझे वडील, भर सभेत उठले. "एक नाव बांधून दावतो. चांगली निघाली तर गोदीला हात लावू नगा." पंचायतीचे अध्यक्ष हसत हसत हो म्हणाले.

दोन महिने अप्पा राबले. फळ्यांच्या फटींत डांबरात भिजवलेला कापूस ठोकून बसवला. सोमवारी नाव पाण्यात ढकलली... आणि हे गृहस्थ स्वतःच बादलीने तिच्यात पाणी ओतायला लागले! बघता बघता नाव तळाला बसली.

लोकांनी मोबाइल काढले. व्हॉट्सॲपवर आमची पाणबुडी फिरायला लागली. खरं सांगते, मलाही मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी म्हटलं, "अप्पा, घरी चला."

"गप गं. लाकडाला पाणी पिऊ दे. कामून घाई करायलीस?"

चार दिवस नाव तशीच नदीत. तेव्हा कुठे कळलं... कोरडी फळी पाण्यात फुगते आणि उरलीसुरली फट स्वतःच बुजवते. आमच्या घरात पिढ्यानपिढ्या हेच चालत आलंय आणि मला पत्ता नव्हता!

शुक्रवारी नाव वर काढली, पाणी उपसलं, आतून पुसून घेतली. अध्यक्ष कडक इस्त्रीच्या पांढऱ्या पॅन्टमध्ये आले होते. अप्पांनी त्यांना थेट नावेच्या तळाशी बसवलं. पलीकडचा काठ गाठून नाव परत आली, तेव्हा काठावर ही गर्दी!

अध्यक्ष उतरले आणि सगळ्यांकडे पाठ करून उभे राहिले. पॅन्टवर पाण्याचा एक थेंब नाही... "बघा रे, कोरडी हाय का न्हाई? पार्किंग दुसरीकडं बघू." मी तर बोटं तोंडात घालून शिट्टीच मारली!

आज गाणगापूरच्या संगमावरचा एक नाववाला ऑर्डर देऊन गेला. अप्पा सकाळपासून गोदीत लाकूड तासत बसलेत.

सोमवारी मला तुमची लाज वाटली, अप्पा. माफ करा... आता फटीत कापूस कसा ठोकायचा, तेवढं मला शिकवा.