धार वहिनीची होती

वहिनी वस्तऱ्याची धार कानानं ओळखायची. मी परसात दगडावर वस्तरा फिरवत असलो की ती चुलीपुढून, पाठमोरीच सांगायची, "भावजी, टोकाकडं लागून न्हाई राहिला." मी वाकून बघायचो, तर खरंच टोक दगडाला टेकलेलं नसायचं.

एवढी साधी गोष्ट सांगायला मला चाळीसहून जास्त वर्षं लागली. दुकानाच्या, गिऱ्हाइकांच्या, गावातल्या भांडणांच्या कितीतरी गोष्टी मी लोकांना सांगितल्या, पण ही टाळली. कुणी विचारलं, "धार कुणाकडनं शिकलास?" की मी म्हणायचो, "दादाकडनं." दादा म्हणजे माझा मोठा भाऊ. डोंगरकड्यात आमचं न्हाव्याचं दुकान त्यानंच टाकलं. हात हलका होता त्याचा, दाढी तो उत्तम करायचा, पण वस्तऱ्याला धार लावणं त्याला कधी जमलं नाही. ती वहिनी लावायची. आमच्या दुकानाचं नाव झालं ते त्या धारेमुळं, आणि हे दादाला, मला आणि वहिनीला सोडून कुणाला ठाऊक नव्हतं.

तिचं माहेर शिरड शहापूरचं. तिच्या वडिलांचे हात उतारवयाआधीच कापू लागले. मुलगा नव्हता. मग दाढी त्यांनी कशीबशी करायची आणि धार मुलीनं लावायची, असं त्या घरात चालू झालं. लग्न होऊन आली तेव्हा तिनं बाकीच्या सामानाबरोबर एक दगड आणला होता. वीतभर लांब, करड्या रंगाचा, मधून किंचित खोलगट. बाईनं न्हाव्याच्या धोकटीला, म्हणजे हत्यारांच्या पिशवीला, हात लावायचा नाही, असं आमच्यात तेव्हा मानत. म्हणून दगड परसात, न्हाणीच्या आडोशाला ठेवलेला असे. दुपारी दुकान बंद करून दादा जेवायला आला की वस्तरे तिच्याकडं जात, आणि पुन्हा दुकान उघडायच्या वेळी तयार असत.

दादा तापानं गेला तेव्हा मी वीस-बावीस वर्षांचा होतो. वहिनी माझ्याहून सहा वर्षांनी मोठी. तिला लेकरू नव्हतं. माहेरी जाशील का, असं तिला विचारायला आलेल्या बायकांना तिनं एवढंच सांगितलं, "दुकान हाय की. भावजींना अजून धार येत न्हाई." बायकांना वाटलं, ती दीराच्या काळजीपोटी बोलते आहे. त्या वाक्याचा खरा अर्थ फक्त मला कळला.

तेराव्यानंतर एका दुपारी तिनं मला दगडापुढं बसवलं. "मी जन्मभर लावीन," म्हणाली, "पण तुमाला आली पायजे. मी मेले तर काय भाकरीच्या तव्यावर घासाल?" तिनं दगडावर पाणी शिंपडलं, वस्तऱ्याची पाठ आणि धार दोन्ही दगडावर टेकवली, आणि धार पुढं करून तो असा सरकवला की दगडावरची साय काढते आहे असं वाटावं. मग पाठीवर पलटून परत. मी करायला घेतलं तर खर्र आवाज आला. ती हसली. "दगड घासून राहिले का भांडं? वजन देऊ नका. वस्तऱ्याचं वजन त्याचं त्याला पुरतं."

पहिले दोन महिने मी वस्तरे बिघडवत होतो आणि ती सुधारत होती. पट्ट्याच्या वेळी तर मी रोज चुकायचो. चामड्याच्या पट्ट्यावर वस्तरा उलटा ओढायचा असतो, पाठ पुढं आणि धार मागं. मी सवयीनं धार पुढं घालायचो आणि पट्टा कापायचो. "दगडावर तोंड पुढं, पट्ट्यावर पाठ पुढं," हे ती एखाद्या पाढ्यासारखं म्हणून घ्यायची माझ्याकडून. पट्टा तिसऱ्यांदा कापला तेव्हा म्हणाली, "भावजी, असंच चालू ठेवा. जोडा शिवायला लई तुकडे झाले."

धार पाहायची तिची एक रीत होती. डोक्यातला एक केस उपटून मुळाच्या बाजूनं चिमटीत धरायचा आणि लोंबत्या टोकाला वस्तरा नुसता भिडवायचा. केस आवाज न करता पडला तर धार झाली. वाकला तर पुन्हा दगड. माझी धार बघताना केस वाकतच राही. "लवकर शिका," ती म्हणायची. "काहून की माझं डोकं काय मेंढीचं न्हाई, दरसाल लोकर यायला."

पण तिनं मला सगळ्यात जास्त जपायला सांगितलं ते तारेपासून. दगडावर जोर दिला, किंवा एकच बाजू जास्त घासली, की धारेच्या कडेला पोलादाची केसाहून बारीक तार उभी राहते. बोटाला ती भलतीच तीक्ष्ण लागते आणि नवशिका तिथंच फसतो. गालावर दोन-चार वेळा फिरली की ती दुमडते, आणि मग वस्तरा कातडी ओरबाडतो. वहिनी तिला लबाड धार म्हणायची. शेवटी वजन न देता दहा-वीस वेळा आलटूनपालटून फिरवायचं, लाकडाच्या कडेवरून हलकेच ओढून तार उतरवायची, ओल्या नखावर पाहायचं, आणि मगच पट्टा. "घाई असली तर दाढी करू नका, पण हे टाळू नका," हे तिनं मला किती वेळा सांगितलं असेल.

मी शिकलो, पण तिच्यासारखी धार मला येत नव्हती, म्हणून वस्तरे तिच्याकडंच जात राहिले. वारंगा फाट्यावरचे ट्रकवाले वाट वाकडी करून आमच्याकडं दाढीला येत. संध्याकाळी मी घरी आलो की ती भाकरी वाढताना विचारायची, "आज काय म्हणाले लोक?" मी सांगायचो, गालावरून लोणी फिरल्यासारखं वाटलं म्हणाले. किंवा, एक जण खुर्चीतच झोपला. ती खाली बघून हसायची. "म्हनू द्या," म्हणायची, आणि थोड्या वेळानं पुन्हा विचारायची, "खरंच झोपला व्हता?" तिला त्या कामाचं एवढंच मिळत होतं. माझ्या तोंडून ऐकलेली, माझ्या नावानं झालेली तारीफ.

तिला आणखी एक आवड होती, लग्नातली गाणी. गळा मोकळा होता. कपाळावर कुंकू नसलं तरी बायका तिला बोलावून नेत आणि मांडवाच्या कडेला बसवत, कारण गाण्यांच्या ओळी तिच्याइतक्या कुणाला पाठ नव्हत्या. दादा गेल्यावरही ते बोलावणं थांबलं नव्हतं. ते माझ्यामुळं थांबलं.

गावातल्या एका मोठ्या घरात लग्न होतं. हळदीआधी नवरदेवाची दाढी करायला मला त्यांच्या घरी जायचं होतं. वहिनी चार दिवसांपासून शिरडला होती, तिची आई आजारी होती. वस्तऱ्याला त्या सकाळी मीच धार लावत होतो. बोलावणं लवकर आलं, मी घाई केली. नख पाहिलं नाही, पट्टा चार वेळा ओढल्यासारखा केला. बोटाला वस्तरा छान तीक्ष्ण लागला.

नवरदेवाच्या उजव्या गालावर तिसऱ्या ओढीला वस्तरा अडखळला आणि दोन बोटं लांब चिरलं. मी तुरटी लावली, दाबून धरली, तरी रक्त गळ्यापर्यंत उतरलं. अंगणात बायका हळद घेऊन उभ्या होत्या. नवरदेवाचा चुलता पुढं आला. तो ओरडला नाही. त्यानं शांतपणे विचारलं, "धार कुनी लावली?"

मी म्हणालो, "वहिनीनं."

का म्हणालो, हे मी स्वतःला हजार वेळा विचारलं आहे. दुकान जाईल ही भीती होती. बाईमाणसाला कोण काय बोलणार, असंही मनात आलं असेल. एरवी तिचं नाव मी कधी घेतलं नव्हतं. धार चांगली होती तेव्हा ती माझी होती. बिघडली तेव्हाच मी ती वहिनीची केली.

चुलता म्हणाला, "कुंकू पुसलेल्या बाईच्या हातची धार तू नवरदेवाच्या गालाला लावलीस?" मागं उभ्या असलेल्या बायका एकमेकींकडं बघू लागल्या. मी मान खाली घालून म्हणालो, "चुकलं मालक. पुन्हा हात लावू देणार न्हाई तिला."

वहिनी संध्याकाळच्या गाडीनं आली. फाट्यापासून घरापर्यंत येईतो तिला सगळं कळलं होतं. पिशवी खाली ठेवून तिनं पहिला शब्द काढला तो, "वस्तरा आना." मी दिला. तिनं तो उजेडाकडं धरला, नखावरून ओढला आणि थांबली.

"तार ऱ्हायली व्हती," ती म्हणाली.

बस्स. "धार रोज लागते, आणि मी चार दिवस घरी नव्हते," हे एक वाक्य तिनं चौकात म्हटलं असतं तर मी खोटा ठरलो असतो आणि दुसऱ्या दिवशी माझ्या खुर्चीत कुणी बसलं नसतं. तिनं ते कुणालाही सांगितलं नाही. मलाही नाही. तिनं दगडावर पाणी शिंपडलं, तो वस्तरा नीट केला आणि पुसून माझ्या हातात दिला. तिनं लावलेली ती शेवटची धार.

कारण तिचा हात आता लागत नाही अशी लोकांची खात्री पटावी म्हणून दोन दिवसांनी मी तिचा दगड उचलून दुकानात नेला आणि येणाऱ्याजाणाऱ्याला दिसेल असा दारात ठेवला. माहेराहून आणलेला दगड. तो उचलताना ती परसात भांडी घासत होती. मला वाटलं, आता काहीतरी बोलेल. ती म्हणाली, "सांभाळून न्या. डावा कोपरा नाजूक हाय."

त्यानंतर लग्नाच्या मांडवात तिला कुणी बोलावलं नाही. माझ्या स्वतःच्या लग्नात ती मागच्या खोलीत बसून होती. बायका गाणी म्हणत होत्या, मधली एक ओळ चुकली, आणि मला आतून तिचा हलका आवाज आला, ती ओळ बरोबर म्हणणारा. तो फक्त मलाच ऐकू आला असेल. ज्याचा गाल कापला तो नवरदेव आज नातवंडांचा आजोबा आहे, त्याच्या संसाराला काही बाधा झाली नाही. पण म्हणून वहिनीवरचा बोल कुणी मागं घेतला नाही. आणि "आज काय म्हणाले लोक?" हे तिनं मला त्या दिवसानंतर कधीही विचारलं नाही.

माझी धार मात्र सुधारली. सुधारणारच होती, आता मागं कुणी नव्हतं. पुढं अर्ध्या ब्लेडचे वस्तरे आले, दगडाचं काम संपलं. मी तो घरी आणून दिला. वहिनीनं धुऊन फडक्यात गुंडाळून ठेवला.

तिच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरले तेव्हा मी एकदा ठरवून बसलो. दादाचा जुना वस्तरा काढला, तिच्याजवळ बसून धार लावू लागलो. काम करता करता बोलता येईल असं वाटलं. ती भिंतीला टेकून ऐकत होती. "वहिनी," मी म्हणालो, "मला एक सांगायचंय."

"आधी पानी शिंपडा," ती म्हणाली. "दगड कोरडा पडून राहिला."

मी पाणी शिंपडलं. मग तिनं डोक्यातला एक पांढरा केस उपटून माझ्याकडं धरला. केस आवाज न करता पडला. तिला दिसला नाही, मी सांगितलं. "बराबर," ती म्हणाली आणि उन्हाकडं तोंड करून बसली. मी वस्तरा मिटला. सांगायचं ते राहून गेलं.

मागच्या वर्षी ती गेली. तिला लेकरू नसल्यानं क्रिया मी केली. दहाव्याला माझ्या मुलानं ब्लेडचा वस्तरा काढला, तो मी बाजूला ठेवायला लावला. सकाळीच तिच्या दगडावर दादाच्या वस्तऱ्याला मी धार लावली होती. तार उतरवली, नख पाहिलं, पट्टा मोजून ओढला. मुलानं माझं डोकं भादरलं. कुठंही ओरखडा नाही.

पिंड ठेवला आणि कावळा शिवेना. समोरच्या बाभळीवर चार-पाच बसले होते, एकही उतरत नव्हता. सावकाश ऊन चढलं. कुणी म्हणालं, घर सांभाळू म्हणून सांगा. मी सांगितलं. कुणी म्हणालं, माहेरच्यांना अंतर देणार नाही म्हणा. तेही म्हटलं. कावळे जागचे हलले नाहीत. मग एक म्हातारा माझ्याजवळ सरकून म्हणाला, "बुढीचं काही ऱ्हायलंय. तुला ठाव असल तर बोल."

गावातली सगळी जाणती माणसं तिथं उभी होती. मी हात जोडून दोन पावलं पुढं गेलो. वाक्य माझ्या ओठांवर आलं होतं, इतक्या वर्षांत पहिल्यांदा. तेवढ्यात बाभळीवरून एक कावळा उतरला आणि पिंडाला शिवला. "सुटली," लोक म्हणाले आणि अंघोळीला वळले.

शिवायला तो थोडा उशिरा आला असता तर मी बोललो असतो, असं मी स्वतःला सांगतो. ते वाक्य फार मोठं नव्हतं. वहिनी, त्या दिवशी तू घरात नव्हतीस, तार माझ्या हातची होती, मला माफ कर.