दिवाळीनंतरची साखर

दिवाळीला मुलगा, सून आणि नात पुण्याहून राहात्याला आले आणि घर भरून गेलं. मधुमेह विसरून मीही त्यांच्या पंगतीत करंज्या-अनारसे खाल्ले. फार सुखाचे दिवस होते ते. एका सकाळी मुलाला म्हटलं, "चल, कालव्यापर्यंत फिरून येऊ." तो पांघरुणातूनच म्हणाला, "सुट्टीत कसलं चालणं, आई!"

ते गेल्यावर तपासणी केली, तर साखर चढलेली. फोनवर सांगितलं तसा तो चिडला. "तोंडावर ताबा ठेव जरा. तू आजारी पडलीस की आम्हालाच धावत यावं लागेल."

दुसऱ्या दिवसापासून ज्वारीची भाकरी, मेथीची भाजी आणि कालव्यावर एकटीनं चालणं सुरू केलं. महिन्याभरात साखर उतरली. मी त्याला कळवलं नाही. त्यानंही विचारलं नाही.