चारही चाकं फिरेनात

इतरांनी हात टेकले की लोक गाडी सांताक्रूझला भाऊरावांकडे आणत. सतराव्या वर्षी वाशिमकडून मुंबईत आलेला हा माणूस टॅक्सीच्या गॅरेजात हॉर्न जोडता जोडता इलेक्ट्रिशियन झाला. चाळीस वर्षांत ‘पार्ट बदलून बघू’ असं त्यांनी कुणाला सांगितलं नाही. फॉल्ट शोधायचा, मगच पान्याला हात लावायचा. बायको द्रौपदी म्हणायची, “अहो, सगळे अंदाजाने ठोकून मोकळे होतात, तुम्हीच एवढं कशाला खणत बसता?” ते हसत आणि खणतच राहत.

मेच्या शेवटच्या आठवड्यात खारदांड्याची नंदा आली. नवरा गेल्यापासून होडी तीच सांभाळायची आणि बाजारात मासळीही तीच विकायची. सोबत तिचा दीर विशाल होता, पन्नाशीचा, अबोल. त्याने आणलेली पिकअप वीस वर्षांची होती. एरवी ती मागच्या दोन चाकांवर चाले, आणि डॅशबोर्डवरचं बटण फिरवलं की चारही चाकांना जोर मिळे. पूर्वी होडी ओढायला वीस माणसं लागत. आता कोळीवाड्यातली पोरं ऑफिसात जातात, म्हणून वाळूतून होड्या ओढायचं काम ही गाडीच करायची.

“बटण फिरवलं की दिवा लुकलुकतो नि विझतो,” नंदा म्हणाली. ती सगळ्यांनाच अरेतुरे करायची. “जूनपासून दर्या बंद. त्याच्या आत होड्या वर घ्यायच्यात. चार जणांनी बघितली ही गाडी. तू तरी हो म्हण.”

“बघतो,” भाऊराव म्हणाले. त्यांचं ‘बघतो’ म्हणजे ‘हो’च असायचं.

ते गाडीखाली आडवे झाले. गिअरबॉक्सच्या मागे एक छोटी मोटर असते. बटणाचा हुकूम आला की ती आतला दांडा फिरवते आणि पुढची चाकं जोडली जातात. भाऊरावांनी मोटरला थेट बॅटरी लावली, तर ती मजेत फिरली. म्हणजे मोटर ठणठणीत होती. रिले टिकटिक करत होता, फ्यूज शाबूत होते. खाऱ्या वाऱ्याने मात्र वायरींची वाट लावली होती. प्लास्टिक सोललं की तांब्याऐवजी हिरवी भुकटीच गळायची. दोन दिवस बसून त्यांनी एकेक वायर बदलली, अर्थिंग घासून चकचकीत केलं. बटण फिरवलं. दिवा लुकलुकला आणि विझला.

उरला बटणाचा हुकूम मोटरला पोचवणारा सीटखालचा कंट्रोल बॉक्स. उघडला तर आतल्या सर्किटवर मिठाचा पांढरा थर. बॉक्स आता बनत नव्हता. कुर्ल्याच्या भंगारात एक मिळाला, पण तो दुसऱ्या सालच्या गाडीचा होता, तो दिवासुद्धा लावेना. भाऊरावांनी जुनाच बॉक्स ब्रशने धुतला, वाळवला आणि भिंग घेऊन बसले. कुठेतरी केसाएवढी चीर असणार, याची त्यांना खात्री होती. पण डोळ्यांत मोतीबिंदू उतरत होता. रेघ आहे की भास आहे, हेच कळेना.

तोवर तीस तारीख उजाडली.

“आता रे?” नंदाने विचारलं.

“एक तोड आहे,” ते म्हणाले. मोटर काढून त्यांनी दांडा पान्याने हातानेच फिरवला. चारही चाकं जोडली गेली. मग विशालला बाजूला घेऊन बजावलं, “हे फक्त वाळूसाठी. वाळूत चाकं सरकतात म्हणून चालून जातं. डांबरावर पुढची-मागची चाकं एकमेकांना ओढतात, गिअरबॉक्समधली साखळी तुटेल. काम झालं की फोन कर. मी येऊन दांडा परत फिरवतो. त्याआधी रस्त्यावर न्यायची नाही.”

गाडी दुसऱ्या गाडीमागे टोचन लावूनच खारदांड्याला नेली. दुपारच्या भरतीला पिकअपने शेजाऱ्यांच्या दोन होड्या सरळ वर आणल्या. वाळू उडत होती, बायका ओरडत होत्या. नंदाने भाऊरावांच्या पाठीवर थाप मारली. “झकास रे, भाऊ!” तिची होडी दुसऱ्या दिवशीच्या भरतीला घ्यायची होती. शेजाऱ्यांना तिनेच पहिला मान दिला होता.

भाऊराव दुकानात परतले आणि पुन्हा बॉक्स घेऊन बसले. खरं तर आता त्याची गरज नव्हती. पण चीर सापडली नव्हती, आणि ते त्यांना खात होतं. संध्याकाळी फोन वाजला. भिंगाखाली एक रेघ नुकतीच दिसू लागली होती. पाच मिनिटांनी करू, म्हणून त्यांनी उचलला नाही. पुन्हा वाजला, तेव्हाही नाही. रेघ म्हणजे धुळीचा तंतू निघाला.

फोन विशालचा होता. डिझेल संपत आलं होतं, सकाळी नंदाची होडी ओढायची होती. दोनदा वाट बघून तो तसाच गाडी घेऊन पंपाकडे निघाला. लिंकिंग रोडच्या वळणावर खालून धडाका झाला आणि गाडी जागच्या जागी थांबली.

साखळी तुटून तिने गिअरबॉक्सचं कवचच फोडलं होतं. सगळं तेल रस्त्यावर. आता शोधण्यासारखं काही राहिलंच नव्हतं.

नंदाची होडी पाण्यातच नांगरून ठेवावी लागली. ओढायला माणसं गोळा करेपर्यंत समुद्र खवळला. तीन दिवसांनी भाऊराव खारदांड्याला गेले, तेव्हा होडी खडकांवर कलंडलेली होती. बूड वीतभर फाटलं होतं.

“फोन मी उचलला नाही, नंदाताई,” ते म्हणाले. “दुकानातच होतो.”

“गाडी म्हातारी होती रे,” नंदा एवढंच बोलली आणि टोपली उचलून चालू लागली. शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं, असं भाऊरावांना वाटलं.

पिकअप भंगारात गेली. नंदा आता धक्क्यावरून दुसऱ्यांची मासळी घेऊन विकते. विशालला एका सोसायटीत वॉचमनचं काम मिळालं.

भाऊराव दुकान उघडतात, पण हॉर्न, वायपर, बल्ब एवढंच करतात. अवघड गाडी आली की शेजारच्या गॅरेजकडे बोट दाखवतात. परवा द्रौपदी म्हणाली, “डोळ्यांचं ऑपरेशन करून घ्या ना, परत बारीक काम जमेल.”

“दिसून काय करायचंय?” ते म्हणाले आणि ताट पुढे सारून उठले.