चार वर्षं कोंडलेलं हसू

मोहाडीकडल्या एका खेड्यात धुरपताचं हसणं साऱ्या गावाच्या मालकीचं होतं. धानाच्या रोवणीत ती एका बांधीत हसली की तिसऱ्या बांधीतल्या बाया, गंमत काय ते न कळताही, हसायच्या. ओठांतल्या ओठांत हसणं तिला कधी जमलंच नाही. आणि अशी बाई चार वर्षं हसली नाही.

लोकांनी आपापले अर्थ लावले. कोणी म्हणालं चढून गेली, कोणी म्हणालं नवऱ्याशी बिनसलं. तिचा नवरा, खुशाल, बिचारा फुकट बदनाम झाला. खरं कारण एकट्या धुरपताला ठाऊक होतं. धाकटी लेक रुपा झाली तेव्हापासून हसलं, शिंकलं, ओझ्याला हात घातला की लघवी गळायची. रोवणीत त्यातल्या त्यात बरं, तिथं सगळ्याच ओल्या. पण कापणीच्या कोरड्या दिवसांत ती घडीवर घडी कापड बांधून जायची, आणि कोणी गंमत सांगू लागलं की पदर तोंडात कोंबून उठून जायची. वरून तिनं पाणी पिणं सोडलं. गळणं काही थांबलं नाही, लघवीला जळजळ मात्र सुरू झाली.

त्या जळजळीपायी गावची आशा सेविका मंदाबाई तिला भंडाऱ्याला दवाखान्यात घेऊन गेली. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आणि शेजारच्या खोलीत रुचिका नावाच्या फिजिओथेरपिस्टकडे पाठवलं. पोरगी एवढीशी, पण तिनं सरळ विचारलं, "हसताना गळतं का?"

चार वर्षांत हे कोणी विचारलं नव्हतं. धुरपता आधी रडली, मग म्हणाली, "बाळंतपन झालं का असंच असते न बाई? पिसवीच काढा लागते मनते."

"पिशवीचा काय दोष?" रुचिका म्हणाली. "खालचे स्नायू ढिले पडलेत. झोळीसारखे ते सगळं वर धरून ठेवतात. व्यायामानं त्यांना पुन्हा बळ येतं. पण निदान तीन महिने, रोज."

विचारून, समजावून तिनं तपासलं. धुरपता श्वास कोंडून खाली जोर लावत होती, बाळंतपणात लावतात तसा. करायचं होतं उलट. आत आणि वर ओढायचं, पाचपर्यंत मोजायचं, श्वास चालू ठेवायचा, मग पूर्ण सैल सोडायचं. शिंकेआधी, ओझ्याआधी आवळून घ्यायचं. आणि पाणी पोटभर प्यायचं.

या व्यायामाची खुबी अशी की तो कोणाला दिसत नाही. धुरपतानं त्याला वेळही नामी निवडली. सासू रुखमिणीचा तोंडपट्टा सुरू झाला की ही समोर मान खाली घालून आवळायची. सासू दम घ्यायला थांबली की सैल सोडायची. रुखमिणी शेजारपाजारी सांगू लागली, "माही सून लय सुधरली. आता पलटून बोलत नाही."

पहिला महिना फरक शून्य. धुरपतानं वैतागून दोन दिवस सोडून दिलं, तिसऱ्या दिवशी पुन्हा मोजायला लागली. तिला हसायचं होतं, बस्स. तिसऱ्या महिन्यात मिरच्या भाजताना लागोपाठ चार शिंका आल्या. तिनं साडी चाचपली. कोरडी! चुलीपुढे ती एकटीच नाचली.

दिवाळीनंतर गावची मंडई, म्हणजे जत्रा, भरली, भर दुपारी दंडारीचा, सोंगं-नाचाचा खेळ उभा राहिला. धुरपता गडवाभर पाणी पिऊन सासूसह पुढच्या रांगेत बसली. साडी नेसलेला मिशीवाला गडी नवरी होऊन आला आणि नवरदेवालाच कडेवर घेऊन पळाला. धुरपता आधी बेतानं हसली, आणि मग काय, चार वर्षांचं सगळं एकदम बाहेर आलं. सोंगाड्या थांबून ओरडला, "अरे, खुशालची बायको हासून राहिली! आता भरली मंडई!" मागे उभ्या खुशालचे डोळे भरून आले.

सारे हसत असताना रुखमिणी मात्र गुडघे जुळवून घाईनं उठली. ते उठणं धुरपतानं ओळखलं. तिनं हात धरला. "आई, कधीपासून?"

रुखमिणीनं इकडेतिकडे पाहिलं. "खुशाल झाला तवापासून."

मंगळवारी दोघी बसनं भंडाऱ्याला गेल्या. रुचिकानं वही उघडायच्या आत रुखमिणीच म्हणाली, "पोरी, मले बी हासाचं हाय."