डाग शोधणारी दर्शना

लग्नाला गेलेल्या बायका नवरीची साडी बघतात, दागिने बघतात, आमटीत मीठ कमी पडलंय का तेही बघतात. कोपर गावची दर्शना मात्र हॉलच्या दारातच अडकते. पार्किंगमधल्या गाड्यांच्या बॉनेटवर मान तिरकी करून ती असं काही निरखत बसते, की वॉचमन दोनदा हटकून जातो. आई आतून ओरडते, "अगं, अक्षता पडायला आल्या!" आणि ही म्हणते, "थांब गं आई, या पांढऱ्या गाडीचा दरवाजा नंतर रंगवलाय. मालकाला पत्ताच नसेल." आता अशा मुलीला काय म्हणायचं?

हे वेड तिला ठाण्यात लागलं. खोपटला गाड्या चकाचक करून देणारं एक दुकान आहे, तिथे ती फोन उचलायला आणि गिऱ्हाइकांना चहा विचारायला म्हणून लागलेली. चहा राहिला बाजूला. हिचं सगळं लक्ष आत, पॉलिशच्या मशीनकडे. हट्ट करून तिने ते हातात घेतलं आणि पहिल्याच गाडीच्या कडेचा रंग जाळून ठेवला. कडेला रंग पातळ असतो, तिथे मशीन दाबायचं नसतं, हे तेव्हा कळलं. मालक बोलला, पोटभर बोलला. दर्शना रडली, आणि दुसऱ्या दिवशी सगळ्यांच्या आधी येऊन मशीनजवळ उभी राहिली. तेव्हापासून मशीन तिच्याकडे.

पुढे तिने कोपरमध्ये स्वतःचं काम सुरू केलं. जागा राघोकाकांची. राघोकाका म्हणजे गावातले जुने जमीनदार, दर्शनाच्या वडिलांचे चुलतभाऊ. शेत होतं तिथे इमारती उभ्या राहिल्या, एक पत्र्याची शेड तेवढी राहिली. ती त्यांनी पुतणीला वापरायला दिली. पण त्यांचा भाचा कुंडलिक मंडप-डेकोरेशनवाला. बांबू आणि पडदे ठेवायला त्याला तीच शेड हवी होती, आणि मामाचे कान भरण्यात तो पटाईत. "पोरीच्या जातीला गाड्या घासायचं काम शोभतं का, मामा?" हे त्याचं पालुपद.

अशात राघोकाकांनी नवी गाडी घेतली. गडद लाल, ऐसपैस. मुलगा देवेशचा साखरपुडा ठरला होता आणि व्याह्यांच्या दारात हीच गाडी उभी राहणार होती. सिरॅमिक कोटिंग करून घेऊ, म्हणजे रंगावर काचेसारखा कडक थर बसेल, वर्षानुवर्षं चमक टिकेल, असं दर्शनाने सुचवलं. पण त्याआधी पॉलिश लागेल म्हणाली.

काका उखडले. "नव्या गाडीला पॉलिश? तू मना येडा समजतंस काय गो?"

दर्शनाने मोठी टॉर्च बॉनेटवर मारली. लाल रंगात केसासारख्या बारीक ओरखड्यांचं गोल गोल जाळं दिसायला लागलं. "काका, गोडाऊनमध्ये धूळ बसते, मग कुणीतरी एकाच कोरड्या फडक्याने सगळ्या गाड्या पुसतं. हे त्याचं. आधी काढलं नाही तर थराखाली कायमचं अडकेल."

काकांचा चेहरा पाहण्यासारखा झाला. आणि तिथून त्यांचं डोकंच फिरलं हो! त्यांनी स्वतःची टॉर्च आणली. शेजाऱ्याच्या फ्रिजवर मार, देवळाच्या नव्या फरश्यांवर मार. व्याही भेटायला आले, तर चहा व्हायच्या आत त्यांच्या गाडीवर टॉर्च मारून म्हणाले, "तुमची तर पार वाट लागलीय." व्याह्यांचं तोंड उतरलं. शकूकाकीने, म्हणजे त्यांच्या बायकोने, त्यांना स्वयंपाकघरात ओढत नेलं. "सोयरीक मोडाल एक दिवस या बॅटरीपायी!"

काकीला तर गाडीच्या आसपासही मज्जाव झाला होता. बांगड्यांचे ओरखडे पडतील, पदराची पिन लागेल, हात लावू नको, टेकू नको. "गाडी आणलीय का देव्हारा?" काकी फणकारायची आणि लांबूनच बघायची.

काम सोपवताना काकांनी अट घातली. कुंडलिक शेजारीच उभा होता, म्हणून जरा मोठ्यानेच. "एक डाग नाय दिसला पायजे. दिसला, तर शेड कुंडलिकची."

शेड गेली तर खोपटला परत फोन उचलायला जायचं, आणि कुंडलिकचं हसणं आयुष्यभर ऐकायचं. तिने गाडी धुतली, पॉलिशला लागली, पॅड बदलले, प्रत्येक भागावर टॉर्च मारून पाहिली. जाळं गेलं आणि आतला लाल रंग असा उघडा पडला की ती स्वतःच "आई शप्पथ!" म्हणाली. साखरपुड्याच्या आदल्या दिवशी सकाळी तिने सगळी गाडी स्पिरिटने पुसली, जेवून आली आणि कोटिंगला बसली. एवढ्यात लाईट गेली, वायरवरची टॉर्चही विझली. थांबायला हवं होतं. पण थर सुकायला वेळ लागतो, उद्या तर गाडी न्यायची. शटर पूर्ण वर करून बाहेरच्या उजेडात तिने बॉनेट उरकलं.

लाईट आली, तिने टॉर्च मारली आणि ती तिथेच खाली वाकली. बॉनेटच्या पुढच्या कडेला, कंपनीच्या चिन्हाच्या जरा वर, बोटाचा एक ठसा. लालावर लाल, नुसत्या डोळ्याला दिसणारच नाही असा. तिने नखाने हलकेच चाचपलं. ठसा थराच्या खाली होता.

कुणाचं बोट? तिचं नक्कीच नव्हतं, तिच्या हातात तर मोजे. पुन्हा घासून काढायचं तर आख्ख्या बॉनेटचा थर उतरवावा लागणार, आणि उद्याच्या आत ते सुकणार नाही. गप्प बसावं का? कुणाला दिसतंय? एक क्षण तिला तसं खूप वाटलं. पण ज्या बाईला परक्यांच्या गाड्यांचे डाग बघवत नाहीत, तिला आपल्या हातचा कसा झाकवेल? तिने मोजे काढले आणि काकांना हाक मारली.

काका टॉर्च घेऊन आले. मागोमाग काकीही आली. "काका, इथे बघा," दर्शना म्हणाली. "डाग राहिलाय. थराखाली. लाईट नव्हती तरी मी थांबले नाही. चूक माझीच."

काका वाकले. बराच वेळ बघत राहिले. "बोट हाय ह्ये कुणाचं तरी!"

"माझं हाय," मागून काकी म्हणाली.

दोघं वळले. काकी पदराचं टोक पिळत होती. "कुंकू हाय ते. घरात नवी वस्तू आली का मी बोट लावते, तुम्हाला ठाऊक नाय? शिलाईचं मशीन आलं तवा लावलं, टीव्ही आला तवा लावलं. हिला तर पोराची सोयरीक आणायला न्यायची. पण तुम्ही जवळ फिरकू देत नव्हता. पोरगी जेवायला गेली, तवा चोरून लावलं."

"चोरून?"

"मग काय करू? माझ्याच घरची गाडी, आणि मी चोरून कुंकू लावलं."

काकांना लाज वाटली होती, आणि ती लपवायला ते उगाच टायरकडे बघत राहिले. मग घसा खाकरून त्यांनी दर्शनाला विचारलं, "निघंल का ते?"

"निघेल. परत घासावं लागेल."

"नको घासू."

दर्शनाला काही कळेना. ती काकीकडे बघायला लागली, तर काकीच डोळे पुसत होती.

तेवढ्यात रस्त्यावर टेंपोचा हॉर्न वाजला. कुंडलिक बांबू भरूनच आला होता, भलता भरवसा त्याला. खिडकीतून मान काढून त्याने विचारलं, "काय मामा, सापडला का डाग?"

राघोकाकांनी टॉर्च बंद केली. "सगळी गाडी बगितली मी. येक डाग नाय. टेंपो फिरव तुझा, आणि हळू फिरव, धूळ उडंल."