पश्चिमेची बाजू

ओळंबेकाका म्हणजे एक नंबरचा खाष्ट माणूस. खिशात सदा ओळंबा, म्हणून हे नाव पडलं. खरं नाव वीजकेंद्रात कुणाला आठवत नव्हतं आणि कुणाचं त्यावाचून अडतही नव्हतं. एकतीस वर्षं कूलिंग टॉवर मोजायचं काम त्याचं. केंद्राचं गरम पाणी निववायचा शंभर मीटर उंच काँक्रीटचा पोकळ हंडा, पण भिंत जेमतेम वीतभर जाड! ती कुठे आत गेली, कुठे फुगली, हे दरवर्षी थिओडोलाइट, म्हणजे कोन मोजायची दुर्बीण, लावून बघायचं आणि वहीत लिहायचं.

निवृत्तीला दोन महिने उरले आणि साहेबांनी फोटोग्रामेट्री आणली. ड्रोनने चारी बाजूंनी हजारभर फोटो काढायचे नि त्यांवरून कॉम्प्युटरमध्ये टॉवर जसाच्या तसा उभा करायचा. ते काढायला आली कोण? तर काकाची पोरगी! एकेकाळी तिने यंत्राला हात लावला म्हणून याने तिला चारचौघांत फटकारलं होतं. तेव्हापासून दोघांत विस्तव जात नव्हता.

"फोटो काढून लग्नाचे अल्बम होतात, मापं होत नाहीत," काका सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलला.

"मोतीबिंदू तुम्हाला झालाय, कॅमेऱ्याला नाही," पोरगी उलट म्हणाली. बापावर गेली होती, दुसरं काय!

पण काका चिडला नव्हता, टरकला होता. अकरा वर्षांपूर्वी पश्चिमेला गुडघाभर चिखल साचला, तेव्हापासून त्याने तिकडे पाऊल टाकलं नव्हतं. पूर्वेचेच आकडे एखादा मिलिमीटर इकडे-तिकडे करून पश्चिमेच्या रकान्यात ठोकून द्यायचा. टॉवर गोलच तर आहे! आणि त्या पश्चिमेच्या पायथ्याशीच पंपघर. गेटवर पंपवाला दरवर्षी विचारायचा, "काका, ठीक ना? तुमच्या भरवशावर बसतो तिथे." काका म्हणायचा, "ठीक."

मापांना आधार म्हणून पोरीने टॉवरच्या पायांवर काळ्या-पांढऱ्या चौकटींच्या चोवीस पाट्या चिकटवल्या होत्या. फोटो काढण्याआधी, सगळे जेवायला गेलेले बघून काकाने पूर्वेची सतरा नंबरची पाटी उचकटली आणि चार बोटं सरकवून लावली. आता होऊ दे हिची फजिती, म्हणाला मेला.

दोन दिवसांनी पोरीने त्याला केबिनमध्ये बोलावलं आणि दार लावून घेतलं.

"सतरा नंबर तुम्ही हलवलीत."

"वाऱ्याने हलली असेल."

"वारा गोंद लावून चिकटवत नाही, बाबा. तेवीस पाट्या एक सांगतात, ही एकटी भलतंच. कॉम्प्युटरने काढून टाकली तिला, संपलं." तिने स्क्रीन त्याच्याकडे वळवला. पश्चिमेच्या पोटाला हा एवढा लालभडक डाग. "चाळीस सेंटिमीटर आत गेलीय भिंत. आणि तुमच्या वहीत तिथे काय आहे? पूर्वेचे आकडे! अकरा वर्षं! लाज कशी वाटली नाही हो? खाली माणूस बसतो!"

"कुणाला सांगितलंस?" काकाने विचारलं.

हे ऐकून पोरीचे डोळे भरले. रडू नव्हतं ते, संताप होता. "साहेबांना सांगून झालंय. टॉवरचं पाणी बंद करतायत. त्या पंपवाल्याला बाहेर काढायला मात्र तुम्ही जा. तुमच्या शब्दावर बसलाय तो."

काका गेला. चिखल तसाच होता. बूट भरले, ओळंबा मांडीवर आपटत राहिला. पंपघराशी पोचून त्याने मान वर केली. यंत्र नको, फोटो नको, भिंत आत बसलेली नुसत्या डोळ्यांना दिसत होती.

पंपवाला दारात आला. "अरे, काका! इकडे कुठे? ठीक ना?"

"बाहेर ये," काका म्हणाला. "आधी बाहेर ये."

"का? मोजलंत ना तुम्ही?"

"नाही रे," काका म्हणाला. "अकरा वर्षं मी इथे आलोच नाही."